‘बाय सिमेट्री’ म्हणजे नक्की काय, ते वर्गात कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावी, सीईटी, नीट, जेईई असा परीक्षांचा मोसम आला की सगळ्याच पेपरांत सूत्रांचे तक्ते छापून यायला लागतात, तुमच्याही शिक्षण पुरवणीत मागच्या आठवड्यात स्थिर विद्युतचा एक आला होता. एका बाजूला लांब तार, मोठी शीट, पोकळ गोळा, भरीव गोळा आणि समोर प्रत्येकाच्या विद्युत क्षेत्राचं (म्हणजे फील्डचं, तिथे चार्ज ठेवला तर त्याच्यावर किती आणि कुठल्या दिशेला जोर लागेल त्याचं) सूत्र, वर ठळक अक्षरात ‘एवढं पाठ करा, मार्क पक्के’. सूत्रं सगळी बरोबर होती, मी चष्मा लावून तपासली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे आणि ती निम्मी माझ्यावरच येते, कारण मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालोय आणि बरीच वर्षं मीही हेच केलं.

गॉसच्या नियमाने (चार्जभोवतीच्या बंद पृष्ठभागातून एकूण किती फील्ड बाहेर पडतं, म्हणजे फ्लक्स, ते फक्त आतल्या चार्जवरून ठरतं) फील्ड काढायचं डेरिव्हेशन फळ्यावर कसं होतं ते आठवा. तार काढायची, भोवती सिलिंडर काढायचा, मग सर म्हणतात ‘बाय सिमेट्री (सममितीमुळे), फील्ड रेडियल (तारेपासून सरळ बाहेर) आहे आणि सगळीकडे सारखंच आहे’, की झालं, इंटिग्रलमधून फील्ड बाहेर, कॉस थीटाचा (थीटा म्हणजे फील्ड सिलिंडरमधून सरळ बाहेर न जाता किती कललंय तो कोन) एक झाला, आणि चार ओळींत उत्तर, लॅम्डा भागिले टू पाय एप्सिलॉन नॉट आर (लॅम्डा दर मीटरचा चार्ज, आर तारेपासूनचं अंतर, एप्सिलॉन नॉट एक ठरलेला आकडा). पोरं उतरवून घेतात. पण सगळं डेरिव्हेशन त्या ‘बाय सिमेट्री’ दोन शब्दांत आहे हो! बाकीचं नुसतं सिलिंडरचं क्षेत्रफळ, ते आठवी-नववीचं गणित. एका वर्षी एका पोराने विचारलं होतं की सर, फील्ड तारेच्या दिशेने थोडं कललेलं का नसेल, कॉस थीटा एकच का? मी म्हणालो, ते सिलॅबसमध्ये नाही, पुढे चल. तो मुलगा खाली बसला आणि परत काही विचारलं नाही त्याने वर्षभर. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आता आमच्या शेजारची एक मुलगी येते संध्याकाळी ओट्यावर, दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावीत एकदम सगळं इंग्रजीत पडलं, फ्लक्स, एन्क्लोज्ड, सरफेस इंटिग्रल. हुशार आहे. ती एक गणित घेऊन आली: एक रिकामा ठोकळा, चार्ज त्याच्या बाहेर ठेवलाय, ठोकळ्यातून फ्लक्स किती? झिरो म्हणाली, बरोबर. मग मी सहज विचारलं की ठोकळ्याच्या भिंतीवर फील्ड किती? तेही झिरो म्हणाली, फ्लक्स झिरो ना सर. चार महिने महागडा क्लास करून, फॉर्म्युला शीट पाठ असून ही अवस्था, आणि तिची चूक नाही, तिला कोणी फ्लक्स म्हणजे काय मोजतो तेच सांगितलं नाहीये.

मी तिला आमच्या फलटणचंच उदाहरण दिलं. समजा गावातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर, बारामतीकडे, लोणंदकडे, दहिवडीकडे, पंढरपूरकडे, एकेक नाका आहे (जुन्या जकात नाक्यासारखा, आता ते गेले) आणि नाक्यावरचा माणूस साखरेचं पोतं बाहेर गेलं की अधिक एक, आत आलं की उणे एक लिहितो. गावात साखर कारखाना असेल, रोज हजार पोती निघत असतील आणि गावात कोणी साठवत नसेल, तर सगळ्या नाक्यांची बेरीज हजारच येणार, रस्ते कितीही वाकडे असोत, नाके जवळ असोत की लांब. हा झाला गॉसचा नियम, कारखाना म्हणजे चार्ज आणि नाक्यांची बेरीज म्हणजे फ्लक्स. आता कारखाना गावात नाही, गावाबाहेर आहे, तर त्याची पोती एका नाक्याने आत येणार आणि दुसऱ्याने बाहेर जाणार, बेरीज शून्य. पण म्हणून रस्त्यावर ट्रक नाहीत का? हॉर्नने कान किटतात! बेरीज शून्य आणि रस्ता रिकामा या दोन वेगळ्या गोष्टी. हे ऐकल्यावर ती जी हसली, म्हणाली सर मग डायपोल डब्यात ठेवला तर? बघा, पुढचा प्रश्न तिचा तिनेच काढला. अधिक आणि उणे चार्ज दोन्ही डब्यात, बेरीज शून्य, फ्लक्स शून्य, फील्ड मात्र चांगलं जोरात.

खरी गोम पुढे आहे. हजार पोती बाहेर गेली हे बेरजेवरून कळलं, पण बारामतीच्या नाक्यावरून किती गेली? सांगता येत नाही. अजिबात नाही. बेरीज कळते, वाटणी कळत नाही. वाटणी सांगायची तर वेगळी माहिती लागते, की चारही रस्ते अगदी एकसारखे आहेत, एकालाही झुकतं माप नाही, मग प्रत्येकी अडीचशे. ती वेगळी माहिती म्हणजे सिमेट्री. गॉसचा नियम फक्त बेरीज सांगतो, फील्ड काढून देते ती सिमेट्री, आणि आपण पोरांना उलटंच सांगतो की गॉसने फील्ड काढलं.

त्यामुळे होतं काय, की पोरं कुठेही गॉस लावतात. एक मीटरची काडी दिली, मधल्या बिंदूसमोर फील्ड काढ म्हटलं, की लगेच सिलिंडर. काडीपासून १० सेंटिमीटरवर काढलं तर लांब तारेचं सूत्र फार चुकत नाही, खरं फील्ड त्याच्या ९८ टक्के असतं. पण तेच १ मीटरवर गेलात तर खरं फील्ड सूत्राच्या ४५ टक्केच, म्हणजे निम्म्याहून कमी. नियम तिथेही शंभर टक्के खरा आहे बरं का, त्या सिलिंडरचा एकूण फ्लक्स आतला चार्ज भागिले एप्सिलॉन नॉट एवढाच आहे, फक्त तो फ्लक्स सिलिंडरभर सारखा वाटलेला नाही, काही झाकणांतूनही निसटतोय, त्यामुळे भागाकार करून उपयोग नाही. नियम खरा असणं आणि नियम कामाचा असणं यातला हा फरक एकदा कळला की पोरगं आयुष्यात विसरत नाही, पण तो सांगायला अर्धा तास लागतो आणि सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, मग क्लासवाले म्हणतात अर्धा तास कुठून आणू. त्यांचंही खरंय म्हणा.

मग सिमेट्री शिकवायची कशी? मला हे निवृत्तीनंतर सुचलं याचं वाईट वाटतं. मी अंगणातला एक पीव्हीसीचा पाइप घेतला, सरळ, एका रंगाचा, त्याची टोकं नाहीतच असं समजायचं, आडवा धरला आणि त्या मुलीला म्हणालो डोळे मीट. तिने डोळे मिटले की मी पाइपला काहीतरी करणार, मग डोळे उघडून ओळखायचं की काय केलं. मी पाइप स्वतःभोवती फिरवला. ओळखता आलं नाही. डावीकडे थोडा सरकवला. ओळखता आलं नाही (टोकं नाहीत ना). मग पाइपच्या मधून सरळ तिच्याकडे येणारी एक रेघ धरली आणि त्या रेघेभोवती पाइप अर्धा फेरा फिरवला, म्हणजे डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. तरी ओळखता आलं नाही. आता म्हटलं ऐक, तुला जो फरक कळत नाही तो फील्डलाही कळता कामा नये. ती जिथे बसलीय तिथे फील्ड जर थोडं उजवीकडे कललेलं असेल तर पाइप फिरवल्यावर ते डावीकडे कललं पाहिजे, कारण फील्ड पाइपाबरोबर फिरणार. पण पाइप तर होता तसाच दिसतोय, म्हणजे फील्डही होतं तसंच पाहिजे. एकाच वेळी उजवीकडे आणि डावीकडे कसं कलणार, कललेलंच नाही. वर-खाली कललेलं असेल? त्याच अर्ध्या फेऱ्यात वरचं खाली होतं, तेही गेलं. उरलं काय, सरळ तिच्याकडे येणारं नाहीतर तिच्यापासून पाइपकडे जाणारं. हेच ते ‘रेडियल’. सरकवून कळत नाही म्हणून पाइपच्या लांबीभर फील्ड सारखं, गोल फिरवून कळत नाही म्हणून भोवतीने सारखं, फक्त अंतरावर अवलंबून. एवढं झाल्यावर मग सिलिंडर काढा, झाकणांना फील्ड घासून जातं म्हणून त्यांचा फ्लक्स शून्य, आणि चार ओळींचं गणित.

त्या पोराने वर्गात विचारलेलं हेच होतं. कॅल्क्युलस नाही, काही नाही, एक पाइप आणि मिटलेले डोळे.

मग पुढे तिनेच खेळ वाढवला. पाइपच्या एका टोकाकडे जास्त चार्ज असेल तर? मी पाइपच्या निम्म्या भागाला लाल रिबन गुंडाळली आणि परत तोच अर्धा फेरा, लगेच ओळखलं, मग फील्ड कलू शकतं, गॉसने काढता येणार नाही. गोळ्याचं तर फारच सोपं, कसाही फिरवा कळत नाही. शीटचं पण तसंच, ती स्वतःच करून बघत होती. आणि ठोकळा? रांगोळीतला चौकोन घ्या, पाव फेरा फिरवला तर कळत नाही, पण तिरका थोडासा फिरवला की लगेच कळतं. म्हणून मधोमध चार्ज ठेवून भोवती ठोकळा काढला तर सहाही भिंतींना सारखा फ्लक्स, एकूणच्या एक षष्ठांश, हे सिमेट्रीने बरोबर. पण एका भिंतीवर सगळीकडे सारखं फील्ड, हे चूक. भिंतीच्या मध्यावर जेवढं फील्ड असतं त्याच्या एक तृतीयांशच कोपऱ्यावर असतं, अंतर रूट थ्री पट झालं ना. परीक्षेत पोरं बिनदिक्कत एक षष्ठांशला भिंतीच्या क्षेत्रफळाने भागून फील्ड म्हणून लिहितात.

आता दुसरा एक गैरसमज, तो पोरांचा नाही, आम्हा मास्तर लोकांचाच. पोकळ धातूच्या आत फील्ड का नसतं? उत्तर ठरलेलं: आत चार्ज नाही, गॉसने फ्लक्स झिरो, म्हणून फील्ड झिरो. गोळ्याच्या बाबतीत चालून जातं कारण तिथे सिमेट्री आहे. पण डबा वेडावाकडा असेल तर हे कारण लंगडं आहे, वर नाक्याचं सांगितलंच, नाहीतर कुठल्याही रिकाम्या खोलीत फील्ड शून्य म्हणावं लागेल. वेड्यावाकड्या डब्यात गॉसच्या जोडीला पोटेन्शियलचा (व्होल्टमध्ये मोजतो त्या विद्युत दाबाचा) युक्तिवाद लागतो, की धातू सगळा एकाच पोटेन्शियलला आहे, आत एखादी फील्डची रेघ सुरू व्हायची तर भिंतीवरून निघून भिंतीवरच संपावी लागेल, आणि मग दोन्ही टोकांच्या पोटेन्शियलमध्ये फरक पडेल, तो तर नाहीये. १८३६ मध्ये फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फुटांची ठोकळ्यासारखी खोली बांधली, बाहेरून धातूचं आवरण, तिला बाहेरून चार्ज केलं आणि स्वतः आत जाऊन बसला, उपकरणांवर काहीच दिसेना. ती खोली गोल नव्हती! ही गोष्ट सांगून मग विचारा पोरांना की नुसत्या गॉसने हे सिद्ध होतं का, बघा वर्ग जागा होतो की नाही.

आणि एक गोष्ट जी पुस्तकात दोन ओळींत उरकतात, ती म्हणजे हे सगळं चालतं कशामुळे. चार्जपासून लांब गेलं की फील्ड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं आणि गोळ्याचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, दोघांचा गुणाकार कुठेही सारखाच. घट जर वर्गाने नसून थोडी जरी वेगळी असती तर गॉसचा नियम कोसळला असता. हे कोणी तपासलं? कूलॉम्बने १७८५ मध्ये तारेला पीळ देऊन बल मोजलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या आधी इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिश नावाच्या अबोल माणसाने फार सुंदर युक्ती केली होती, एका धातूच्या गोळ्याभोवती दुसरा पोकळ गोळा, दोन्ही तारेने जोडून बाहेरच्याला चार्ज द्यायचा, मग तार काढून आतल्या गोळ्यावर काही चार्ज उरला का बघायचं. घट बरोब्बर वर्गाने असेल तरच आत शून्य. त्याला काहीच सापडलं नाही, आणि त्यावरून त्याने म्हटलं की घातांक दोनपेक्षा फार तर एक पन्नासांश इकडेतिकडे असेल. पठ्ठ्याने हे छापलंच नाही! तो १८१० मध्ये गेला आणि मॅक्सवेलने त्याचे कागद १८७९ मध्ये छापले तेव्हा जगाला कळलं. म्हणजे गॉसच्या नियमातून पोकळ गोळ्याच्या आत शून्य येतं असं आपण शिकवतो, आणि इतिहासात ‘आत शून्य’ हे आधी मोजून त्यावरून वर्गाचा नियम पक्का केला गेला. गॉसनेही त्याचं हे काम १८३५ मध्ये लिहिलं आणि ते छापलं गेलं १८६७ मध्ये, त्याच्या मरणानंतर १२ वर्षांनी. (लाग्रांजने त्याच्याही आधी, १७७३ मध्ये, गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भात हेच केलं होतं, पण नाव गॉसला मिळालं, असो.)

कोणी म्हणेल हे सगळं ठीक, पण याचा व्यवहारात उपयोग काय. एक गणित देतो, छापाच म्हणजे पोरं करतील. निरभ्र दिवशी जमिनीलगत हवेत साधारण दर मीटरला १०० व्होल्ट एवढं विद्युत क्षेत्र असतं, खाली जमिनीच्या दिशेने. आपल्या अंगणात, आत्ता. पृथ्वी गोल, त्रिज्या ६४०० किलोमीटर, पृष्ठभाग सुमारे ५१ वर १३ शून्यं एवढे चौरस मीटर, फील्ड सगळीकडे साधारण असंच धरलं तर गुणा आणि एप्सिलॉन नॉटने परत गुणा, पृथ्वीवरचा चार्ज निघतो साडेचार लाख कूलॉम्ब, आणि फील्ड आत येतंय म्हणून तो ऋण. अंगणातल्या एका मापावरून अख्ख्या पृथ्वीचा हिशोब! त्या मुलीने हे कॅल्क्युलेटर न वापरता केलं आणि आईला दाखवायला घरी पळाली.

तर संपादक महोदय, विनंती एवढीच की तक्ता छापायचाच असेल तर त्यात एक कॉलम वाढवा, ‘हे सूत्र कुठे चालत नाही’. आणि आठवड्याला एक असा प्रश्न छापा ज्याला सूत्र नाही, नुसतं कारण लिहायचं. पेपर काढणाऱ्यांनीही कधीतरी विचारावं की अमुक चार्जच्या मांडणीला गॉस लावून फील्ड निघेल का, नसेल तर का नाही. दोन मार्कांचा ठेवा, चालेल. पाठ करून सुटणार नाही एवढं नक्की. मराठीतून दहावी करून आलेल्या मुलांना तर हे जास्त लागतं, कारण त्यांना अभिवाह आणि सममिती असले शब्दही कोणी सांगत नाही आणि फ्लक्स आणि सिमेट्रीचा अर्थही कोणी सांगत नाही, दोन्हीकडून कोरडेच.

शेवटी त्या मुलीने मला कसं अडकवलं तेही लिहितो. पाइपचा खेळ पुरेपूर कळल्यावर एक दिवस म्हणाली, सर, सगळ्या जगातच सारखा चार्ज भरला असेल, कुठे कमी नाही कुठे जास्त नाही, तर फील्ड किती? मी म्हणालो डोळे मीट, काहीही फिरवलं, कुठेही सरकवलं तरी कळणार नाही, मग फील्ड कुठल्या दिशेला असणार, शून्य. ती म्हणाली मग मी एक गोळा काढते, त्याच्यात चार्ज आहे, गॉस म्हणतो फ्लक्स आहे, फ्लक्स आहे तर फील्ड आहे, शून्य कसं? रात्री बारापर्यंत कागद काळे केले मी. न्यूटनलाही १६९२ च्या सुमारास बेंटली नावाच्या पाद्र्याने पत्रातून जवळपास असंच विचारलं होतं, अनंत विश्वात सगळीकडे पदार्थ पसरला असेल तर ओढ कुठे, हे मला माहीत होतं, तरी तिला पटेल असं सांगता येईना. दोन दिवसांनी तीच आली, वहीत एक मोठा गोळा आणि एक मोठी चौकोनी लादी काढून. म्हणाली सर, गोळा मोठा करत गेले तर एक उत्तर येतं, लादी जाड करत गेले तर दुसरंच येतं, म्हणजे आधी कडा कुठे होती ते सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

आपला,
एक निवृत्त फिजिक्स शिक्षक
फलटण, जि. सातारा